भुतांचा मान

भुताला गुरुप्रसाद कधी भ्याला नाही. लोट्याच्या केमिकल कंपनीत जो माणूस पंचवीस वर्षं शिफ्टा करतो, कुठल्या टाकीतून काय सुटलंय ते ज्याच्या नाकाला सायरनच्या आधी कळतं, त्याच्यापुढं बिचारी हडळ ती काय करणार! तो भ्यायचा गावकीला. आणि यात लाजण्यासारखं काही नाही. मोरखोल गावात सगळेच गावकीला भितात. गावकीत बसणारे तर सगळ्यात जास्त.

गावकी म्हणजे देवळाच्या मंडपात बसणारी मानकऱ्यांची बैठक. पहिला मान खालच्या वाडीच्या आप्पांचा, दुसरा मधल्या वाडीच्या भिकाजीचा, तिसरा वरच्या वाडीचा. पालखी आधी कुणाच्या अंगणात, नारळ आधी कुणाचा, अंगारा आधी कुणाच्या कपाळाला, हे सगळं याच क्रमानं. सरपंच आहे, ग्रामसेवक आहे, पण ते दाखल्यांपुरते.

अशा गावात राहून गुरुप्रसादनं भुताखेतांच्या अकरा गोष्टी लिहिल्या. सेकंड शिफ्टला, कंपनीच्या पाठकोऱ्या लॉगशीटांवर. काही दिवाळी अंकांतून आल्या. रत्नागिरीच्या हर्षद नावाच्या तरुण प्रकाशकाला त्या आवडल्या आणि पुस्तक ठरलं. नाव 'कातळावरची अकरा'. मुखपृष्ठ तर छापूनही झालं. काळा कातळ आणि त्यावर पांढऱ्या अकरा आकृत्या. हर्षद म्हणाला, "काका, हे भय दचकवणारं नाही, आतून पोखरणारं आहे." गुरुप्रसादनं हे वाक्य मोठ्या कौतुकानं बायकोला ऐकवलं. योगिनी कोळंबी सोलत होती. "पोखरणारं म्हणजे माडावरच्या भुंग्यासारखं काय?" ती म्हणाली.

इथवर सगळं ठीक होतं. रत्नागिरीत एखाद्या हॉलमध्ये प्रकाशन उरकलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण भुतं गावची, तर मान गावाला द्यावा असं याच्या डोक्यात आलं. देवळात प्रकाशन, विठू गुरवानं देवाला विनवत गाऱ्हाणं घालायचं, मग नारळ फोडून पुस्तक उघडायचं. आणि रीत म्हणून त्यानं प्रत्येक मानकऱ्याला घरी जाऊन पत्रिका दिली. पत्रिकेसोबत, कुणी सांगितलं होतं शहाण्याला, अनुक्रमणिकेचा कागद जोडला.

आप्पांनी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा एका पुस्तकाची अनुक्रमणिका बारकाईनं वाचली आणि गावकी बोलावली.

रविवारी सकाळी मंडपात सगळे बसले. आप्पांनी चष्मा पुसला, कागद गुडघ्यावर ठेवला.

"गुरू, पहिली गोष्ट कुठली?"

"वडावरचा मुंजा."

"वड कुणाचा?"

"वरच्या वाडीचा, आप्पा."

"मान कितवा त्यांचा?"

"तिसरा."

"आणि आमच्या डोहातला गिऱ्हा कितवा घातलास?"

"सातवा," गुरुप्रसाद म्हणाला, आणि म्हणताम्हणताच आपण काय करून बसलोय ते त्याच्या ध्यानात आलं.

"सातवा," आप्पा सगळ्यांकडं बघत म्हणाले. "ज्याला आमचे वाडवडील दरसाल कोंबडा देत आले, ज्यानं मोजणीला आलेला साहेब घोड्यासकट आत ओढला, तो गिऱ्हा सातवा. आणि वरच्या वाडीचा कालचा पोर पहिला."

"कालचा नाय हां आप्पा," वरच्या वाडीचा नितेश म्हणाला. "शंभर वर्षं व्हायला आली आमच्या मुंजाला."

"शंभर झाली तरी मुंजाच तो. मुंज झालेलं पोरच."

भिकाजी इतका वेळ गप्प होता. मधल्या वाडीची माणसं उशिरा बोलतात आणि मग थांबत नाहीत. त्याची तक्रार निराळी होती. त्याच्या बागेतली जाखीण नवव्या क्रमांकावर होती तेवढंच दुःख नव्हतं. गोष्टीच्या शेवटी ती रडते असं लिहिलं होतं. "आमची जाखीण रडते?" तो म्हणाला. "माझे पाहुणे पोफळीच्या कॉलनीत राहतात, शिकलेली माणसं, ती वाचणार हे. त्यांना मी काय तोंड दाखवू?"

गुरुप्रसादनं सांगून पाहिलं की पुस्तकाचा क्रम वेगळा असतो, भीती पायरीपायरीनं चढवत न्यायची असते. आप्पा शांतपणे म्हणाले, "चढव की. कोण नको म्हणतं? पण मानाप्रमाणं चढव."

दोन तास काम चाललं. कुठल्या संपादकानं केलं नसेल इतकं बारीक संपादन मोरखोलच्या गावकीनं केलं. गिऱ्हा पहिला आला. जाखीण दुसरी आली आणि तिचं रडणं 'डोळे पाणावले' इथवर खाली आणलं. मुंजा तिसरा. पाचवं कोण आणि सहावं कोण यावर तट पडले, तेव्हा विठू गुरवानं देवाच्या अंगावर कळ्या लावून कौल घेतला; उजवी आधी पडली आणि खवीस पाचवा ठरला. गुरुप्रसाद पेन्सिलीनं आकडे बदलत होता. मनातून म्हणाल तर त्याला हायसं वाटत होतं, कारण शेवटच्या नावापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

मग आप्पांचं बोट तिथं पोचलं. "अकरावी, 'दार'. ही कोण?"

"एक बाई आहे. भर दुपारी दोनला येते. गावातली पाच दारं ठोठावते, काहीतरी विचारते नि जाते."

"कुणाच्या जागेतली?"

वरचा पंखा कुरकुरत होता तो ऐकू यायला लागला. नितेश पायाचं नख बघत होता. भिकाजीनं पानाचा डबा उघडला आणि तसाच मिटला. ती बाई कोण ते मंडपातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, विचारणाऱ्या आप्पांना तर पुरतं.

ऐका तर. बावीस वर्षांपूर्वीच्या शिमग्यात पालखी वर चढत असताना खांदेकऱ्यांच्या पायात गोळे आले आणि त्यांनी ती आप्पांच्या आधी केरूच्या अंगणात टेकली. केरू गरीब माणूस. देव आपण होऊन दारात बसला म्हणून त्यानं नारळ ठेवला, बायको येसूबाईनं ओवाळलं. मान मोडला. गावकीनं केरूचं घर वर्षभर वाळीत टाकलं. त्या घराशी जो बोलेल तोही बाहेर. पुढं महिन्याभरानं केरूची सून तुळसा शेताच्या भाजावळीसाठी पातेरा, वाळका पाला गोळा करायला गेली आणि तिच्या पायाला फुरसं चावलं. नवरा संदेश मुंबईला. गावात गाडी एकच होती, गुरुप्रसादनं नुकतीच घेतलेली जुनी व्हॅन.

दुपारी दोनला ती त्याच्या दारात आली. "भावजी, गाडी हाय काय?" असं तिनं तीनदा विचारलं, तीनदा कडी वाजवली. योगिनी पोरीला, लहानग्या ईशाला, घेऊन माहेरी हेदवीला गेली होती. गुरुप्रसाद घरात एकटा होता, आणि काय करत होता म्हणाल, तर आयुष्यातली पहिली भुताची गोष्ट लिहीत होता. त्यानं पेन आवाज न करता खाली ठेवलं. बस्स, त्यानं केलं ते एवढंच. मग पायरी उतरल्याचा आवाज आला, एक पाय घासत. उन्हातून तीन किलोमीटर हायवेपर्यंत ती चालत गेली. फुरसं चावल्यावर चालायचं नसतं हे तिलाही ठाऊक असणार. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता, आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

ही हकीकत त्यानं गोष्टीत घातली, पण एका दाराची पाच दारं केली. याला साहित्यात काय म्हणतात ते हर्षदला ठाऊक. गावात याला वाटणी म्हणतात.

"हिला मान नाय," आप्पा म्हणाले. "कुणाच्या घराण्याची नाय, कुणाच्या जागेतली नाय. जिला मान नाय ती यादीत बसत नाय. काढ."

"आप्पा, मुखपृष्ठावर अकरा छापलेत."

"मग आमच्या चुलत्याला घे. फणसावरनं पडून गेला तो. अजून कुणाला दिसला नाय, पण दिसंल कधीतरी." मग त्यांनी चष्मा काढला आणि अगदी घरच्यासारखं विचारलं, "वैशाखात ईशाचं लगीन ना रे? मांडवाला, जेवणाला माणसं लागतील. संबंध शिथिल झालेले बरे नाय."

वाळीत हा शब्द आता मोरखोलमध्ये कुणी काढत नाही. कायदा झालाय. संबंध शिथिल होतात, एवढंच.

"बघतो," गुरुप्रसाद म्हणाला.

घरी योगिनीनं सगळं ऐकून घेतलं. तुळसाचं त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं, पण तिनं गोष्ट वाचली होती आणि ती काही खुळी नव्हती.

"काढणार?" तिनं विचारलं.

"ईशाचं लग्न आहे, योगिनी."

"मी लग्नाचं नाही विचारलं." ती म्हणाली. "एक सांगू? बाकीच्या दहांत तुम्ही नुसते घाबरवता. त्या एकीतच तुम्ही स्वतः घाबरलेले दिसता. आता तुमचं तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर येसूबाई आली. ऐंशीच्या घरातली, एका डोळ्यात मोतीबिंदू. केरू जाऊन दहा वर्षं झाली होती. संदेशनं दुसरं लग्न केलं, तो विरारला असतो. वाळीत टाकलेलं केव्हाच उठलं होतं, सगळे येसूबाईशी बोलत होते, पण बावीस वर्षांत ती गुरुप्रसादच्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. आजही पायरीवरच बसली.

"गुरू, पुस्तकात तुळसा हाय म्हणतात."

"कोण म्हणतं, काकी?"

"ज्यांना वाचता येतं ते. मला नाय येत. तू वाच."

त्यानं वाचली. पाच दारांशी आल्यावर येसूबाईनं हात वर केला.

"पाच नाय रे. एकच. मीच सांगितलं व्हतं तिला, गुरूकडं जा. गाडी त्याच्याकडं हाय, आणि तो शिकलेला हाय, तो नाय म्हणायचा नाय." तिनं पदरानं डोळा टिपला, तो मोतीबिंदूचा डोळा. "बाकी बेस लिवलंस."

लाजेनं गुरुप्रसादचे कान तापले. म्हणजे हिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि दर शिमग्याला, दर गणपतीला ही म्हातारी रस्त्यात भेटली की विचारत आली होती, पोरगी कशी हाय रे तुझी.

"माझं एक काम कर," येसूबाई उठताउठता म्हणाली. "विठू देवळात गाऱ्हाणं घालील तेव्हा सगळ्यांची नावं घेईल ना, तिचं पण घेऊ दे. मी सोडून तिचं नाव आता कोणी घेत नाय. संदेशसुद्धा घेत नाय, त्याच्या बायकोला आवडत नाय."

"बघतो, काकी."

"बघ," ती म्हणाली, आणि काठी टेकत गेली.

त्यानं बघितलं. म्हणजे रात्रभर आढ्याकडं बघितलं आणि सकाळी हर्षदला फोन लावला. हर्षद पलीकडून कळवळला. "काका, ती गोष्ट म्हणजेच पुस्तक आहे हो. बाकीच्या दहा तिच्या आजूबाजूला उभ्या आहेत." गुरुप्रसाद म्हणाला, दुसऱ्या आवृत्तीत घालू. पहिली निघायच्या आधीच दुसरीचं वचन देणारा हा पहिलाच लेखक असेल. आप्पांच्या चुलत्याची गोष्ट त्यानं एका शिफ्टमध्ये उतरवली. फणसावरनं पडलेला माणूस फणसाखाली दिसतो, यापलीकडं तिच्यात काही नव्हतं. आप्पांना ती फार आवडली.

प्रकाशनाच्या दिवशी मंडप भरला. खुर्च्या मानाप्रमाणं. ईशा आईशेजारी बसली होती, हर्षद पुस्तकांचा गठ्ठा घेऊन कोपऱ्यात. येसूबाई मागं खांबाला टेकून उभी होती, धुवट लुगडं नेसून, आणि कुणी बसायला सांगितलं तरी बसत नव्हती.

विठू गुरवानं हात जोडले आणि सूर लावला. "बा देवा महाराजा, आज तुझ्या लेकरानं तुझ्या शिवेतल्या समद्यांची नावं कागदावर घातली, ती गोड मानून घे, रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" मंडप म्हणाला.

"डोहातल्या गिऱ्ह्याचा पयला मान, तो त्याला पोचू दे, रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

एकेक नाव येत गेलं. जाखीण, मुंजा, देवचार, खवीस. प्रत्येक नावाला त्या-त्या वाडीचा आवाज जरा चढायचा. येसूबाई दर नावाला मान पुढं करून ऐकायची आणि पुन्हा मागं टेकायची. गुरुप्रसाद तिच्याकडं बघायचं नाही असं ठरवून बसला होता आणि दुसरं काहीच बघत नव्हता. अकरावा आप्पांचा चुलता झाला. मग विठूनं गाऱ्हाण्याची शेवटची गाठ मारली, "आणि जे कोणी ऱ्हायले-सायले, ज्यांचं नाव तोंडी आलं नाय, त्यांनी राग धरू नये, रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"विठू," मागून येसूबाई म्हणाली. "एक ऱ्हायली."

विठूनं हात खाली घेतले. "काकी, ऱ्हायले-सायले म्हटलं ना आता. त्यात आली ती."

"त्यात नको. नावानं घे."

विठूनं आप्पांकडं बघितलं. आप्पांनी छपराकडं बघितलं, आणि मग अगदी गोड आवाजात म्हणाले, "पुस्तकात आहेत तेवढी नावं घेतली आपण. आणखी कोण असलं तर लेखकच सांगेल. काय गुरू? आहे कोण?"

सगळी डोकी त्याच्याकडं वळली. म्हटलं तर प्रश्न सोपा होता. नाही म्हणायचं, की संपलं. नाहीसुद्धा म्हणायला नको, नुसतं गप्प बसलं तरी पुरे; गप्प बसण्याचा त्याला बावीस वर्षांचा सराव होता. ईशा त्याच्याकडं बघत होती. तिच्या लग्नाचा मांडव, वाढपी, वाजंत्री, सगळं या मंडपात बसलेलं होतं. मागं येसूबाईनं उभं राहून अवघडलेला पाय जरासा सरकवला आणि तो फरशीवर घासला.

गुरुप्रसाद उठला.

"तुळसा," तो म्हणाला. "केरूकाकांची सून. तिला फुरसं चावलं होतं. ती माझ्या दारात आली, गाडी आहे काय म्हणून तीनदा विचारलं. गाडी होती आणि मी घरात होतो. मी दार उघडलं नाही."

सगळी गोष्ट एवढीच. लॉगशीटच्या चौदा पानांवर त्यानं जी लिहिली होती ती.

विठू गुरव हात जोडायचे की नाही अशा पेचात उभा राहिला. मंडपातून 'व्हय महाराजा' येईना. मग मागून एकटी येसूबाई म्हणाली, हळू आवाजात. तिच्यामागून योगिनी म्हणाली. मग ईशा. बाकी कुणी नाही.

आप्पा उठले आणि त्यांच्यामागून मानाप्रमाणं सगळे उठले. पहिली वाडी, दुसरी वाडी, तिसरी. नारळ तसाच राहिला. पुस्तक शेवटी हर्षदनंच उघडलं.

संबंध शिथिल झाले. ईशाचं लग्न खेडच्या हॉलमध्ये झालं. तिच्या बाजूच्या अर्ध्या खुर्च्या कंपनीच्या बसमधून आलेल्या माणसांनी भरल्या. पुढच्या शिमग्याला पालखी गुरुप्रसादच्या कुंपणाच्या गडग्यापाशी आली आणि पुढं गेली. पुस्तक मात्र खपलं. दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यात 'दार' होती, आणि दार एकच होतं. मोरखोलमध्येही ती घरोघर वाचली गेली म्हणतात, कडी लावून.

आणि गंमत बघा. बावीस वर्षं दुपारी दोनला कडी वाजेल म्हणून हा माणूस धसका घेऊन बसायचा. सुट्टीच्या दिवशी त्या वेळेला तो मुद्दाम बाजाराला जायचा. आता तो घरात असायचा आणि कडी वाजायची नाही. दूधवाला पिशवी गडग्यावर ठेवून जायचा. पोस्टमन गावचाच होता, तो खिडकीतून पत्र टाकायचा. असं वर्ष उलटलं. कुणीतरी येऊन ठोठावावं, शिव्या द्यायला का होईना, असं त्याला वाटायला लागलं. तसं त्यानं योगिनीला बोलूनही दाखवलं. "भोगा आता," ती म्हणाली, आणि चहा दिला.

एका शनिवारी योगिनी ईशाकडं गेली होती. गुरुप्रसाद नवीन गोष्ट लिहीत बसला होता. घड्याळात दोन वाजून गेले होते. आणि कडी वाजली.

त्याच्या हातातलं पेन थांबलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. कडी दुसऱ्यांदा वाजली, आणि बाईमाणसाचा आवाज आला.

"गाडी हाय काय?"

भुताला कधी न भ्यालेला हा माणूस आज भ्याला. पेन खाली पडलं, चांगलं खणकन वाजलं. तो उठला, खुर्ची लवंडली, टेबलाला गुडघा आपटला. चावी खुंटीवर नव्हती, शर्टाच्या खिशात नव्हती.

"गुरू, घरात हायस ना? डोळ्याच्या डॉक्टरानं आज बोलवलंय खेडला. एसटी चुकली माझी."

"थांब काकी," तो आतून ओरडला, आणि त्याचा आवाज रडका झाला होता. "थांब, जाऊ नको. चावी शोधतोय. आहे मी घरात."

"मी कुठं जाते?" पायरीवर बसत येसूबाई म्हणाली. "चावी मागनं शोध. आधी दार उघड."